लसूणघासाचे तीन वाफे



चौथीच्या परिसर अभ्यासात अन्नसाखळी शिकवताना आपण सगळेच फळ्यावर एक चित्र काढतो. आधी गवत, मग बाण, मग गाय. मुलं वहीत उतरवून घेतात आणि पाठ पुढे सरकतो. बाणाच्या उजवीकडच्या गाईबद्दल खूप बोलणं होतं. तिचं दूध, तिचं शेण, तिचं वासरू. डावीकडच्या गवताचं मात्र खाल्ल्यानंतर काय होतं, हे पुस्तक विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. जणू गाईने खाल्लं आणि गवत संपलं.

माझी शाळा भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठच्या काळ्या जमिनीत. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी दावणीला एखादं तरी जनावर असतं. गाय नसेल तर दोन बकऱ्या. संध्याकाळी शाळा सुटली की दप्तर टाकून चारा आणायला जाणारी मुलं माझ्या वर्गात कायम असतात. त्यामुळे चारा हा विषय त्यांना नवा नाही. नवं काय असेल तर ते चाऱ्याच्या मुळाशी बघणं. त्यासाठी गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही शाळेच्या भिंतीलगत लसूणघासाचे तीन वाफे केले. त्याची ही गोष्ट.

लसूणघास का निवडला, ते आधी सांगते. आपल्याकडे नुसतं "घास" म्हटलं तरी लोकांना तोच कळतो. काही जण त्याला मेथीघास म्हणतात आणि ते बरोबरही आहे, कारण पान अगदी मेथीसारखं, तीन पानांचं. शिवाय तो वर्षभर पुन्हा पुन्हा कापता येतो, म्हणजे मुलांना एकाच झाडाची वाढ अनेकदा पाहायला मिळते. ज्वारी एकदा कापली की खेळ खलास.

वाफे प्रत्येकी एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. बियाणं किती, यावर गणिताचा एक तास गेला. शिफारस हेक्टरी साधारण २५ किलोची. एका हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम, आणि आमच्या एका वाफ्याला पाच ग्रॅम. मुलांना वाटलं होतं की ओंजळभर लागेल. पाच ग्रॅम म्हणजे जेमतेम चमचाभर बी पाहून सगळे हिरमुसले. मग सांगितलं, हजार बियांचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरतं, आता सांगा चमच्यात किती झाडं आहेत. अडीच हजार हे उत्तर आल्यावर चमच्याकडे बघण्याची नजर बदलली.

पेरण्याआधी एका मुलीला तिच्या मळ्यातल्या मेथीच्या वाफ्यातली दोन ओंजळ माती आणायला सांगितली आणि ती आमच्या मातीत मिसळली. घासाच्या मुळांवर गाठी धरणारे जे जिवाणू असतात, तेच मेथीच्या मुळांवरही गाठी धरतात. हवेतला नत्र झाडाला मिळवून द्यायचं काम ते करतात. दुकानात त्यांचं पाकीट मिळतं, पण मुलांच्या लक्षात पाकीट राहत नाही, मेथीची माती राहते.

चार-पाच दिवसांत उगवण झाली. आधी दोन जाडसर बीजपत्रं वर आली. त्यानंतर आलेलं पहिलं खरं पान एकटंच होतं. तीन पानांचं नाही, एकच. मुलं म्हणाली, मॅडम, बी चुकीचं आलं. मी म्हटलं, थांबा. पुढचं पान तिहेरी आलं आणि त्यानंतरची सगळीच तिहेरी. लसूणघासाचं असंच असतं. मी हे वाचलेलं होतं, पण प्रत्यक्ष बघितलं ते मुलांबरोबरच. डी.एड.ला असताना बीजाच्या उगवणीची आकृती इतक्या वेळा काढली होती की झोपेत काढता आली असती, आणि वाफ्यासमोर उकिडवं बसून पान मोजायची वेळ नोकरीच्या बाराव्या वर्षी आली.

वाफ्यांना मुलांनीच नावं दिली. पहिला "रोजचा", दुसरा "पाळीचा", तिसरा "मोकळा". रोजच्या वाफ्यावर महिन्याभराने, डिसेंबरच्या मध्यापासून, दर शनिवारी कात्री चालवायची. खरं तर तो आठवड्याचा वाफा, पण मुलांच्या दृष्टीने ती गायरानातली बकरी होती, रोज येणारी. पाळीचा वाफा मात्र पहिली कापणी होईपर्यंत दोन महिने सोडायचा आणि त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी कापायचा. मोकळ्याला हातच लावायचा नाही. कापताना जमिनीपासून चार बोटं ठेवायची हे दोन्हींना सारखंच. विळा मी आणि आमच्या मदतनीस ताई वापरायच्या, मुलांच्या हातात कात्री. पाणी हात धुण्याच्या नळाचं, आठ-दहा दिवसांनी. घासाला पाणी लागतं, पण पाणी साचलेलं चालत नाही, मूळ कुजतं.

पहिल्या शनिवारी कापणी झाली आणि सोमवारी एका मुलाचे वडील शाळेत आले. भांडायला नाही, पण आवाज चढलेला होता. म्हणाले, "मॅडम, मी पोऱ्याले शिकाले धाडेल शे, घास कापाले नही." मला राग आला नाही, कारण त्यांचं म्हणणं मला समजत होतं. ज्या कामातून मुलगा सुटावा म्हणून शाळेत पाठवायचं, तेच काम शाळेत दिसलं तर कोणीही विचारील. मी त्यांना वही दाखवली. तारीख, उंची, फुटव्यांची संख्या, पानांचं वजन. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, काही बोलले नाहीत आणि गेले.

त्यांचा मुलगा वाफ्यांच्या जवळ यायचा नाही, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. बाकीचे कात्रीसाठी भांडायचे आणि हा व्हरांड्यात खांबाला टेकून उभा. एकदा जवळ बसवून विचारलं तर म्हणाला, "आमनी कालवड घास खाईसनच मरी गयी." आदल्या वर्षी हिवाळ्यात, सकाळी दव असताना, भुकेली कालवड दावं तोडून शेजारच्या घासात शिरली होती. तासाभरात पोट फुगलं. डॉक्टर पोहोचेपर्यंत ती गेली. गाभण होती. त्या घरात कपाशीनंतर पैसा यायचा तो तिच्याच भरवशावर येणार होता.

"मॅडम, घास वाईट असतो का?" असं त्याने विचारलं. आता सांगा, या प्रश्नाला स्वाध्यायात कुठे जागा आहे?

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण वर्गाला पोटफुगी शिकवली. गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे चारा आंबतो आणि वायू तयार होतो. एरवी तो वायू ढेकरेवाटे निघून जातो, गाय सतत ढेकरा देत असते. पण कोवळा, ओला घास उपाशी पोटी भरपूर खाल्ला तर त्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांमुळे आत साबणासारखा फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो, ढेकर येत नाही, डावी कूस नगाऱ्यासारखी होते आणि फुफ्फुसांवर दाब येऊन जनावर गुदमरतं. लोक गोडेतेल पाजतात, त्याने फेस मोडायला मदत होते, पण डॉक्टरांना फोन आधी करायचा. आणि मुळात घास कापून अर्धा दिवस सावलीत सुकवायचा, आधी जनावराच्या पोटात कोरडी वैरण जाऊ द्यायची, मग घास कडब्यात मिसळून द्यायचा. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात, वाळलेल्या घासात अठरा-वीस टक्क्यांपर्यंत. एकात पोट भरतं, दुसऱ्यात ताकद आहे.

मुलगा ऐकत होता. वाफ्यापाशी तो त्या दिवशीही आला नाही.

जानेवारीच्या मध्यात पाळीच्या वाफ्याची पहिली कापणी झाली. तोवर घास मुलांच्या मांडीला लागत होता आणि एखाद-दुसरं जांभळं फूल दिसायला लागलं होतं. पहिल्या कापणीची घाई करू नये असं जाणते शेतकरी सांगतात, आणि त्याचं कारण जमिनीच्या खाली आहे. सुरुवातीला झाड वर जितकं दिसतं त्यापेक्षा खाली जास्त काम करत असतं. एकच सोटमूळ सरळ खोल जातं. पानांत तयार झालेलं अन्न उरलं की ते मुळात आणि जमिनीलगतच्या जाड बुडख्यात साठतं. कापल्यावर झाडाला पानंच नसतात, म्हणजे स्वयंपाक बंद. मग नवे फुटवे येतात ते त्या साठ्यावर. साधारण पहिले दोन आठवडे साठा खर्च होत राहतो. नंतर नवी पानं पुरेशी झाली की तो पुन्हा भरायला लागतो. तीन-साडेतीन आठवड्यांची पाळ ठेवतात ती याच हिशोबाने. त्या आधी कापलं तर झाड पुन्हा साठ्यातूनच काढतं, आणि रोज काढत राहिलं तर एक दिवस काही उरत नाही.

हे मी मुलांना बचत गटाच्या पासबुकावरून सांगितलं. आयांची पासबुकं सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

फेब्रुवारीत वरूनही फरक दिसायला लागला. रोजचा वाफा विरळ होत गेला, मध्ये मध्ये उघडी माती दिसू लागली आणि त्या मातीत गवत-तण घुसलं. गंमत म्हणजे सुरुवातीचे चार-पाच शनिवार त्यातून पाळीच्या वाफ्यापेक्षा जास्त चारा मिळाला होता, कारण पाळीच्यातून तेव्हा काहीच मिळत नव्हतं. मुलं म्हणत होती, रोजचाच बरा. मार्चपर्यंत एकूण वजनात पाळीचा वाफा खूप पुढे गेला. ही उलटापालट मी मुद्दाम सांगितली नव्हती. ती वहीतल्या आकड्यांत दिसली तेव्हा वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन बघितला.

एप्रिलमध्ये कुदळीने तिन्ही वाफ्यांच्या कडेची माती खणली आणि झाडं मुळासकट काढली. पाळीच्या आणि मोकळ्या वाफ्यातली मुळं पेन्सिलीएवढी जाड होती. खणता आली तेवढीच आमच्या हाती आली, टोक खालीच तुटून राहिलं. घासाचं मूळ जुनं झालं की दोन-तीन मीटर आणि त्याहूनही खोल जातं. रोजच्या वाफ्यातलं मूळ शिशाच्या कांडीएवढं. बारीक मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहिल्या, आत गुलाबी रंग. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे.

एका मुलीने ते जाड मूळ हातात धरून विचारलं, "मॅडम, हे गाजरासारखं खातात का?" घासाचं नाही खात, पण तिच्या प्रश्नावरून मला दुसरं एक मूळ आठवलं. दुसऱ्या दिवशी मी घरून कॉफीचं रिकामं पाकीट घेऊन गेले. त्यावर बारीक अक्षरांत कॉफी-चिकोरी मिश्रण असं लिहिलेलं होतं. ही चिकोरी म्हणजे असंच सोटमूळ असलेली वनस्पती, आपल्याकडे तिला कासनी म्हणतात. तिचं मूळ वाळवून, भाजून, दळून कॉफीत घालतात. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा आपल्याकडे नियम आहे. शेजारच्या गुजरातमध्ये आणंद, जामनगरकडे या मुळासाठी तिची शेती होते.

हीच चिकोरी न्यूझीलंडमध्ये गाई-मेंढ्यांना चरायला पेरतात. तिथे १९८५ साली 'पुना' नावाचा खास चराऊ वाण आला. पहिल्या वर्षी ती जमिनीलगत मुळ्याच्या पाल्यासारखी रुंद पानं पसरते. मूळ खोल असल्यामुळे उन्हाळ्यात वरचं गवत सुकलं तरी ती हिरवी राहते. थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी तिचा दांडा वर येतो, त्यावर निळी फुलं लागतात, आणि दांडा एकदा निबर झाला की जनावर तिला तोंड लावत नाही. म्हणून तिथले शेतकरी दांडा वाढायच्या आत जनावरं सोडतात. पण रोप सहा-सात पानांचं होईपर्यंत अजिबात सोडत नाहीत आणि एकदा चरून झालं की तीन-चार आठवडे तो तुकडा बंद ठेवतात. आमच्या पाळीच्या वाफ्याचाच हिशोब. चिकोरी घासासारखी द्विदल कुळातली नाही, त्यामुळे मुळाला नत्राच्या गाठी धरत नाहीत, नत्र जमिनीतून द्यावा लागतो. पण तिने पोटफुगीही होत नाही. हे ऐकून व्हरांड्यातल्या मुलाने पहिल्यांदा प्रश्न विचारला, ती आपल्याकडे का पेरत नाहीत?

चांगला प्रश्न होता. पंजाब-उत्तर प्रदेशाकडे जे बरसीम पेरतात, त्याच्या बियाण्यात कासनीचं बी तण म्हणून मिसळून येतं. तिथले शेतकरी पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात, कासनीचं बी तरंगतं आणि ते काढून फेकतात. एकाचं तण ते दुसऱ्याचं कुरण. शिवाय ती थंड हवेची, आणि आमच्या एप्रिल-मेबद्दल खानदेशाबाहेरच्यांनी विचारूच नये. मी मुलाला म्हटलं, तू मोठा झाल्यावर एक वाफा लावून बघ. यात चेष्टा नव्हती. आपलं भडगाव तर जुनं प्रयोगाचं गाव आहे. इंग्रजांच्या काळात, १८८० च्या आधीपासून, इथे सरकारी प्रायोगिक शेत होतं. परदेशी बी आपल्या मातीत रुजतं का हे बघणं या गावाला नवीन नाही.

आता थोडं गायरानाबद्दल, कारण शाळेतल्या वाफ्यांचा खरा अर्थ मला तिथे दिसतो. आमच्या भागात पूर्वी दादर ज्वारी मोठ्या प्रमाणावर होती, तिचा चारा वर्षभर पुरायचा. कपाशी आणि मका वाढली तशी ज्वारी मागे पडली. पऱ्हाट्यांचं सरपण होतं, चारा होत नाही. मग ज्यांच्याकडे स्वतःचं रान नाही त्यांची सगळी जनावरं गायरानावर, बांधावर आणि पाटाच्या कडेला. पहिल्या पावसानंतर गवत दोन बोटं वर आलं की त्याला तोंड लागतं. ते वाढून परत भरेपर्यंत थांबायला कोणालाच परवडत नाही. मी थांबले तर दुसऱ्याची बकरी खाईल, हे प्रत्येकाला माहीत असतं. गायरान म्हणजे आमचा रोजचा वाफा, फक्त शंभरपट मोठा. त्यात बकऱ्या पाळणाऱ्या बाईचा दोष नाही, तिची बकरी आज उपाशी आहे.

काही गावांनी यावर मार्ग काढलेला आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायची पद्धत लावली. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्याबरोबर जंगल राखलं, त्यासाठी गावाने नियम केले आणि दंडही ठरवला. गाव एकत्र बसल्याशिवाय हे होत नाही, आणि गाव एकत्र बसवणं चौथीच्या वर्गाच्या आवाक्यातलं नाही. तेवढं मला कळतं. पण एक गोष्ट मुलांनीच सांगितली. पावसाळा संपल्यावर आमच्याकडे ठेलारी लोक मेंढ्या घेऊन येतात, शेतात मेंढ्या बसवतात आणि पुढे जातात. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ते एका ठिकाणी राहतच नाहीत, म्हणजे त्यांचा पाळीचा वाफा." मी ही जोडणी केलेली नव्हती. त्या लोकांची मुलं या वाटचालीत शाळेला मुकतात, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. पण चराईचं शहाणपण त्यांच्याकडे आहे.

ज्यांना शाळेत हे करायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बियाणं खात्रीचं घ्या, कारण घासाच्या बियात अमरवेलीचं बी आलं तर ती पिवळी दोरी सगळा वाफा खाते. दिसली की घासासकट उपटून जाळायची. आणि पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच करा, म्हणजे दोन-तीन कापण्या शाळेच्या वर्षात बसतात. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानदार शनिवारी दहा मिनिटं देतो, आमच्याने दिला.

मोकळ्या वाफ्याने फेब्रुवारीत भरपूर जांभळी फुलं धरली होती आणि त्यावर मधमाश्या यायच्या. एप्रिलमध्ये तिथे शंखासारख्या वळलेल्या शेंगा आल्या. मुलांनी एकेक शेंग उलगडून बिया मोजल्या, कुणाला दोन सापडल्या, कुणाला पाच. ते बी एका काचेच्या बाटलीत भरून कपाटात ठेवलं आहे.

पाळीच्या वाफ्याची शेवटची कापणी सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात झाली. त्या दिवशी कालवडीचे वडील मुलाला न्यायला आले होते. वाफ्याजवळ उभे राहून त्यांनी मला विचारलं, "किती दिवसनी पाळ ठेवतस?" मी उत्तर द्यायच्या आत मुलानेच सांगितलं. बावीस ते पंचवीस, थंडीत जरा जास्त. घासाची एक पेंढी त्यांना दिली. मुलगा ती घेऊन चालायला लागला, मग थांबला, परत आला आणि व्हरांड्याच्या सावलीत त्याने ती पेंढी सोडून पसरून ठेवली. म्हणाला, "संध्याकाळले नेसु."